दोन सिम, एकच टॉवर

देवरुखच्या बाजारात माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आधी एसटीडी-पीसीओ होता. मग रिचार्जची कूपनं आली आणि त्यानंतर लापू आलं. लापू म्हणजे दुकानदाराचं सिम. त्यात पैसे आगाऊ भरून ठेवायचे आणि त्यातून गिऱ्हाइकाला बॅलन्स मारायचा. 2017 ते 2019 या काळात मोबाइल कंपन्या एकमेकींत मिसळत होत्या. तेव्हा दुकानात येणारा जवळपास प्रत्येक जण विचारायचा, "भाऊ, राहू की पोर्ट मारू?" पोर्ट मारणं म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. उत्तर देण्यासाठी मला बरीच माहिती गोळा करावी लागली. काही गोष्टी घडल्यावरच कळल्या. उद्या पुन्हा कुठल्या दोन कंपन्या एक झाल्या तर लोकांना उपयोग व्हावा, म्हणून घडलं ते क्रमाने लिहितो.

आमच्या भागात आलेली अडचण कोणत्या कंपनीची होती ते लिहीत नाही. त्या काळात एकापेक्षा जास्त विलीनीकरणं चालू होती. कुणाच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा हे सगळं कसं होतं ते समजलेलं बरं.

2016 साली आमच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये एअरटेल, वोडाफोन, आयडिया, टाटा डोकोमो, रिलायन्स, एअरसेल, टेलिनॉर आणि बीएसएनएल एवढ्या कंपन्या होत्या. दुकानाच्या पाटीवर जागा पुरत नसे. आमच्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये दोन सिम असायची, आणि तीही दोन वेगळ्या कंपन्यांची. हौस म्हणून कुणी दोन सिम ठेवत नव्हतं. सह्याद्रीच्या पायथ्याची ही गावं. एक वाडी डोंगराच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. एका कंपनीची रेंज घरात मिळते, दुसरीची सड्यावर गेल्यावर. पावसाळ्यात लाइट गेली की काही तासांत एखाद्या टॉवरची बॅटरी संपते. तेव्हा दुसऱ्या सिमवर फोन लागायचा. वाडीत दोन विहिरी असल्या की एक आटली तरी पाणी मिळतं, तसं हे होतं.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. कॉल फुकट आणि मार्च 2017 पर्यंत डेटाही फुकट. त्याआधी एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे. माझ्या दुकानातला टॉपअपचा धंदा काही महिन्यांत निम्म्यावर आला. आमचं हे, तर कंपन्यांचं काय झालं असेल याची कल्पना येत होती.

20 मार्च 2017 ला वोडाफोन इंडिया आणि आयडिया यांनी एकत्र येणार असल्याचं जाहीर केलं. टेलिनॉरचा भारतातला कारभार एअरटेलकडे जाणार हे त्याच्या आधीच ठरलं होतं. ऑक्टोबरमध्ये टाटांचा मोबाइल ग्राहकही एअरटेलकडे जाणार असं कळलं. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल यांचंही विलीनीकरण ठरलं होतं, पण ते त्याच महिन्यात मोडलं.

हे मोडलेलं लग्न फार महत्त्वाचं आहे, कारण विलीनीकरण झालं नाही तर काय होतं ते आम्ही त्यातून पाहिलं. रिलायन्सची 2जी कॉलसेवा 2017 च्या शेवटी बंद झाली. एअरसेलने जानेवारी 2018 च्या अखेरीस महाराष्ट्रातली सेवा बंद केली. दुकानासमोर रांगा लागल्या. पोर्टिंगचा कोड येत नव्हता, कारण ज्या नेटवर्कवरून एसएमएस पाठवायचा तेच नेटवर्क धड चालत नव्हतं. एका मास्तरांचं पेन्शनचं बँक खातं त्या नंबरला जोडलेलं होतं. ते रोज येऊन बसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे. शेवटी कोड आला आणि नंबर वाचला. ज्यांचा नंबर गेला त्यांना बँक, गॅस आणि आधार सगळीकडे नवा नंबर नोंदवत फिरावं लागलं.

त्यामुळे विलीनीकरणाचा पहिला फायदा मी तेव्हाच मान्य केला. बुडणारी कंपनी अचानक बंद पडण्यापेक्षा दुसरीत मिसळलेली कधीही बरी. टेलिनॉरचं विलीनीकरण मे 2018 मध्ये पूर्ण झालं. टाटांचा ग्राहक 1 जुलै 2019 ला अधिकृतपणे एअरटेलकडे गेला. या दोन्हींत लोकांचे नंबर आपोआप पुढे चालू राहिले. कुणाला रांग लावावी लागली नाही.

वोडाफोन-आयडियाचं विलीनीकरण 31 ऑगस्ट 2018 ला पूर्ण झालं. त्या दिवशी ती देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी झाली. ग्राहक होते 40.8 कोटी. वर्षाला 14,000 कोटी रुपयांची बचत होईल असं कंपनीने जाहीर केलं होतं. हा आकडा पेपरात वाचला आणि मी विचार करत बसलो. एवढे पैसे वाचणार म्हणजे नक्की कशातून वाचणार? कारण जे वाचणार ते आज कुठेतरी खर्च होत होतं. तो खर्च आमच्या गावात होत असेल, तर तो थांबल्यावर गावाला काय जाणवेल?

रत्नागिरीला दुकानदारांच्या बैठका व्हायच्या, तिथे मी हे विचारून घेतलं. एका जुन्या वितरकाने नीट समजावलं. आपण ज्याला कंपनीचा टॉवर म्हणतो तो बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीचा असतो. मोबाइल कंपनी त्यावर भाड्याने जागा घेते आणि आपलं यंत्र बसवते. तिला महिन्याचं भाडं द्यावं लागतं, शिवाय वीज आणि डिझेलचा खर्च. दोन कंपन्या एक झाल्या की एकाच गावासाठी दोन ठिकाणी भाडं कशाला भरायचं? एक ठिकाण सोडायचं. दोन ऑफिसं, दोन कॉल सेंटर, दोन वितरक, दोन जाहिराती यांचंही तेच. बचत म्हणतात ती ही.

दुसरा फायदा त्यांनी सांगितला तो स्पेक्ट्रमचा. प्रत्येक कंपनीकडे हवेतल्या लहरींचा ठरावीक वाटा असतो. 900 मेगाहर्ट्झसारखी कमी वारंवारितेची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते. 2100 किंवा 2500 ची लहर कमी अंतर जाते, पण तिथे डेटासाठी जागा जास्त मिळते. दोघांचे वाटे एकत्र आले की एकाच टॉवरवरून जास्त लोकांना जास्त वेग देता येतो. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण गणपतीत आमच्याकडे हीच अडचण येते. मुंबईहून चाकरमानी आले की गावची माणसं कित्येक पटींनी वाढतात आणि नेट ठप्प होतं.

सरकारचे नियमही मी तेव्हा समजून घेतले. विलीनीकरणानंतर एखाद्या सर्कलमध्ये कंपनीचा बाजारातला वाटा 50 टक्क्यांच्या वर गेला, तर तो वर्षभरात खाली आणावा लागतो. स्पर्धा आयोग, दूरसंचार खातं आणि कंपनी न्यायाधिकरण यांच्या मंजुऱ्या लागतात. पण हे सगळे हिशोब सर्कलचे आणि देशाचे. एका वाडीत किती कंपन्या उरतील याचा हिशोब त्यात कुठेच नसतो. तो आपला आपण करावा लागतो.

त्या वर्षी गणपती 13 सप्टेंबरला होते. काहीच बदललं नव्हतं. दोन्ही सिमं आपापल्या जागी चालत होती. मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, "घाई करू नका, थोडं थांबून बघा."

पुढच्या काही महिन्यांत खरोखरच चांगले बदल दिसले. एका कंपनीच्या सिमला दुसरीचा टॉवर पकडता येऊ लागला. यालाच सर्कलच्या आतलं रोमिंग म्हणतात. साखरप्याच्या बाजूला जाताना रस्त्यात जिथे फोन तुटायचा तिथे तो टिकू लागला. एक आंबा बागायतदार मला मुद्दाम सांगायला आले. त्यांच्या बागेत आधी फक्त एका कंपनीची रेंज होती आणि मुंबईच्या दलालाशी बोलायला ते वेगळं सिम ठेवत. आता त्यांचं जुनं सिमही बागेत चालू लागलं. देवरुख शहरात नेटचा वेगही वाढला. लापूमध्ये दोन ठिकाणी अडकणारे माझे पैसे एकाच ठिकाणी भरता येऊ लागले. लहान दुकानदाराला हे सोयीचं होतं.

अडचण आली ती 2019 च्या पावसाळ्यात.

डोंबिवलीहून एका मुलाचा दुकानात फोन आला. त्याचे वडील एका वाडीत एकटेच राहतात. "काका, बाबांचा फोन लागत नाही. दोन्ही नंबर बंद लागतायत. जरा कुणाला पाठवाल का?" बाहेर धो धो पाऊस होता. माझ्या मनात नको नको ते आलं. मी दुकान बायकोकडे सोपवलं आणि स्वतःच निघालो.

म्हातारबाबा पडवीत बसले होते. तब्येत ठणठणीत. फोन चार्ज करून बाजूला ठेवलेला. मला म्हणाले, "तुला आठवण झाली रे माझी. आमचा पोरगा काय फोन करीत नाय आता." मुलगा फोन करत नाही म्हणून ते रुसले होते, आणि तिकडे मुलगा काळजीने बेजार. मी त्यांचा फोन हातात घेतला. दोन सिम, दोन्हींवर रेंजची एकही काडी नाही. खाली आल्यावर मी माझ्या फोनवरून मुलाला सांगितलं, "बाबा बरे आहेत." तो काही बोलू शकला नाही. मलाही पुढे काय बोलावं ते सुचेना.

दोन्ही सिम एकदम कशी गेली, याचा उलगडा नंतर झाला. म्हातारबाबांची दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची होती, पण त्या दोन कंपन्या आता एक झाल्या होत्या. एकीचं यंत्र वरच्या सड्यावरच्या टॉवरवर होतं, दुसरीचं खाली रस्त्याजवळच्या टॉवरवर. नकाशावर दोन्ही जवळजवळ आहेत. त्यामुळे एकाच गावासाठी दोन ठिकाणं नकोत असा हिशोब झाला आणि सड्यावरचं यंत्र काढलं गेलं. पण रस्त्याजवळचा टॉवर आणि वाडी यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड आहे. नकाशावर सपाट दिसणाऱ्या अंतरात ती आड येते. वाडीतल्या लोकांना सड्यावरचा टॉवर अजून उभा दिसत होता, त्यामुळे त्यांना वाटे की बिघाड आहे, होईल दुरुस्त. टॉवर होता, पण त्यांच्या कंपनीचं यंत्र त्यावर नव्हतं.

वाडीत बहुतेक घरांत याच दोन कंपन्यांची जोडी होती. म्हणजे ज्यांनी खबरदारी म्हणून दोन सिम ठेवली होती त्यांची खबरदारी कागदावरच राहिली. विलीनीकरणाचे फायदे-तोटे मोजताना ही गोष्ट कुणीच आम्हाला सांगितली नव्हती, आणि आमच्याही लक्षात यायला पावसाळा यावा लागला.

मग आम्ही काय केलं ते सांगतो.

आधी कस्टमर केअरला 198 वर तक्रार नोंदवली आणि प्रत्येकाला तक्रार क्रमांक लिहून घ्यायला सांगितलं. हा क्रमांक नसेल तर पुढे काहीच होत नाही. एका घराची तक्रार गेली तर "तुमचा हँडसेट तपासा" असं उत्तर यायचं. म्हणून वाडीतल्या अनेक घरांनी आपापल्या नंबरवरून तक्रार नोंदवली. त्यासाठी लोकांना रेंज मिळेल तिथे खाली यावं लागलं. उत्तर समाधानकारक नव्हतं, तेव्हा कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे गेलो. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे तक्रारीचं निराकरण झालं नाही तर अपील करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं.

सोबत ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं. त्यात भावनिक काही लिहिलं नाही. वाडीचं नाव, घरं किती, रेंज कधीपासून गेली, कोणत्या टॉवरवरून आधी मिळत होती, मध्ये डोंगराची सोंड कुठे येते, एवढंच. दूरसंचार खात्याचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे. 2017 मध्ये सुरू झालेलं. आपल्या आसपास कुठे टॉवर आहेत ते त्यावर बघता येतं. त्याचा कागद काढून जोडला. मला वाटतं, या पत्राचा सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण कंपनीच्या माणसाला नेमकं काय बघायचं ते त्यातून कळलं. काही दिवसांनी इंजिनिअर आला. रस्त्याजवळच्या टॉवरवरच्या अँटेनाची दिशा त्याने थोडी फिरवली. खालच्या घरांना रेंज आली. वरच्या घरांना आली नाही.

वरच्या घरांसाठी वेगळा उपाय करावा लागला. मी निरनिराळ्या कंपन्यांची सिम घालून फोन घेतले आणि वाडीत घरोघर फिरलो. कोणत्या घरात कोणाची काडी येते ते वहीत लिहिलं. एका कंपनीची रेंज वरच्या बाजूला बरी मिळत होती. मग प्रत्येक घरातलं एक सिम तिकडे पोर्ट केलं आणि दुसरं होतं तसंच ठेवलं. नंबर बदलला नाही, बँक आणि आधारचं काही बिघडलं नाही, आणि दोन सिम पुन्हा दोन वेगळ्या नेटवर्कवर आली. म्हातारबाबांचं सिम सुरू झालं त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला स्वतः फोन केला.

त्याच सुमाराला आणखी काही गोष्टी बदलल्या, त्यांचाही हिशोबात विचार करायला हवा.

पहिली लाइफटाइम प्लॅनची. अनेक म्हाताऱ्या माणसांनी कधीकाळी एकदाच पैसे भरून आजीवन इनकमिंग घेतलं होतं. 2018 च्या अखेरीला मोठ्या खाजगी कंपन्यांनी महिन्याला किमान 35 रुपयांचं रिचार्ज लागू केलं. बॅलन्स शिल्लक असताना सेवा बंद करू नका, असं ट्रायला कंपन्यांना सांगावं लागलं. एक आजी दर बाजाराला यायच्या आणि विचारायच्या, "मी तर आयुष्यभराचं भरलंय ना?" त्यांना समजावताना मला वाईट वाटायचं. पुढे हे किमान रिचार्ज वाढतच गेलं. त्यात 28 दिवसांची मुदत, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज.

दुसरी गोष्ट 3जी फोनची. स्पेक्ट्रम 4जीला वापरण्यासाठी कंपन्यांनी हळूहळू 3जी बंद केलं. ज्यांच्याकडे 3जी फोन होते त्यांना कॉलपुरतं 2जी उरलं. शहरात नेटचा वेग वाढला तो अशाच बदलांतून, पण गावात जुना फोन वापरणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली.

तिसरी गोष्ट मोबाइलमधल्या पैशांची. कंपन्यांसोबत त्यांची वॉलेट आणि पेमेंट बँकाही येतात. वोडाफोनची एम-पेसा सेवा आणि आयडिया पेमेंट्स बँक या दोन्ही 2019 मध्ये बंद झाल्या. ग्राहकांना पैसे काढून घ्यायला मुदत दिली होती. पण ज्याच्या नंबरला रेंज नाही त्याला ती सूचना कशी मिळणार? म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना आधीच वॉलेट रिकामं करायला सांगितलं होतं, आणि त्याचा उपयोग झाला.

चौथी गोष्ट माणसांची. दोन वितरकांचा एक झाला. सिम आणि लापू घेऊन दुकानात येणारा कंपनीचा मुलगा, ज्याला आमच्या धंद्यात एफओएस म्हणतात, त्याची नोकरी गेली. तो होता तेव्हा सिमची अडचण त्याच दिवशी सुटायची. नंतर खराब सिम बदलायला लोकांना रत्नागिरी गाठावी लागू लागली. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी. 14,000 कोटींच्या बचतीत असे खर्च धरलेले नसतात, कारण ते कंपनीच्या वहीतून निघून गिऱ्हाइकाच्या खिशात जातात.

आता वोडाफोन-आयडियाचं काय झालं तेही बघू, म्हणजे तराजूच्या दोन्ही बाजू दिसतील. एवढी मोठी कंपनी झाली, बचत झाली, मग ती भक्कम झाली का? 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने एजीआरच्या प्रकरणात निकाल दिला. कंपन्यांच्या कोणत्या उत्पन्नावर सरकारला शुल्क द्यायचं, हा तो वाद होता आणि त्यात सरकारची बाजू मान्य झाली. जुन्या वर्षांची थकबाकी व्याज आणि दंडासह भरायची वेळ आली. वोडाफोन आयडियाने जुलै ते सप्टेंबर 2019 या तिमाहीत 50,921 कोटी रुपयांचा तोटा दाखवला. भारतात तोपर्यंत कुठल्याच कंपनीने एका तिमाहीत एवढा तोटा दाखवला नव्हता. सप्टेंबर 2020 मध्ये दोन्ही जुनी नावं जाऊन 'व्ही' आलं. पुढे थकबाकीच्या बदल्यात सरकारने शेअर घेतले आणि 2025 मध्ये सरकारचा वाटा 48.99 टक्के झाला. ग्राहक 40 कोटींवरून जवळपास निम्मे झाले.

डिसेंबर 2019 च्या सुरुवातीला उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. काही प्लॅनमध्ये ही वाढ 40 टक्क्यांच्या आसपास होती. नोव्हेंबर 2021 मध्ये आणि जुलै 2024 मध्ये पुन्हा वाढवले. एक कंपनी वाढवते आणि चार दिवसांत बाकीच्या वाढवतात. 2016 साली कुणी दर वाढवले असते तर गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन तासाभरात दुसरी कंपनी धरू शकलं असतं. आता तीन खाजगी आणि एक बीएसएनएल एवढेच पर्याय आहेत, आणि वाडीत तर त्यातलेही एक-दोनच.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. डेटा आजही 2016 च्या आधीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मुलं गावात बसून अभ्यासाचे व्हिडिओ बघतात. 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा हे नेट होतं म्हणून निभावलं. पण हा स्वस्तपणा स्पर्धेतून आला, विलीनीकरणातून नाही. विलीनीकरणाने बुडत्या कंपन्यांचे नंबर वाचवले, शहरात आणि मोठ्या रस्त्यांवर सेवा सुधारली. कडेच्या वाड्यांत आणि कमी पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला मात्र जास्त त्रास आला. माझ्या दुकानातून मला दिसलेला हिशोब हा असा आहे.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी आधी त्याच्या घराची चौकशी करतो. दोन कंपन्यांची यंत्रं तुमच्या आसपास कुठे आहेत, त्यातलं कुठलं तुमच्या घरात रेंज देतं, ते यंत्र निघालं तर दुसऱ्याची पोहोच आहे का, हे बघा. आता कंपन्यांना त्यांच्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. ते पाहा, पण डोंगराळ भागात त्यावर विसंबून राहू नका. शेजाऱ्याचं सिम आपल्या फोनमध्ये घालून घरात, पडवीत आणि गोठ्यात फिरून बघा.

घरात दोन सिम असतील आणि त्या दोन कंपन्या एक होणार असतील, तर त्यातलं एक लगेच तिसऱ्या कंपनीकडे न्या. अडचण येण्याची वाट बघू नका, कारण रेंज गेल्यावर कोडचा एसएमएस पाठवायलाही डोंगर उतरावा लागतो. इंग्रजीत पोर्ट हा शब्द लिहायचा, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो. तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात आणि पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं. त्याच सर्कलमध्ये कामाच्या तीन दिवसांत पोर्टिंग होतं. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, तेव्हा दोन्ही कामं एकाच आठवड्यात काढू नका.

बँकेचा नंबर आणि रोजच्या बोलण्याचा नंबर वेगळे असतील तर बँकेचा नंबर त्या कंपनीत ठेवा जिची रेंज तुमच्या घरात सर्वांत भरवशाची आहे. वॉलेटमध्ये मोठी रक्कम ठेवू नका. वर्षभराचं रिचार्ज करण्याआधी विलीनीकरणानंतर निदान एक पावसाळा जाऊ द्या. पोर्ट केलं की उरलेली मुदत आणि बॅलन्स बुडतो.

आणि तक्रार एकट्याने करू नका. वाडीने मिळून करा, प्रत्येकाने आपला तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि पत्रात डोंगर, टॉवर, घरं नावानिशी लिहा. त्या वाडीच्या खालच्या घरांना रेंज परत मिळाली ती अशा पत्राने. वरच्या घरांसाठी अजून कुठल्याच कंपनीने नवं यंत्र बसवलेलं नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा पाठपुरावा चालू आहे आणि मीही त्यांच्याबरोबर आहे.